तिथीची पाऊणपट

शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमारास चंद्रावती खामकर मिठागराच्या बांधावर पोचली, तेव्हा तिच्या प्रबंधात फक्त एक अंगठा उमटायचा राहिला होता. चौतीस मुलांच्या पालकांची संमती जोडायची होती. तेहतीस मिळाल्या होत्या. चौतिसावी तिच्या वर्गातल्या जनीच्या आजीची, धोंडुबाईची. मार्चात मिठाचा हंगाम ऐन भरात असतो. त्या दिवसांत धोंडुबाई घरी सापडत नसे, म्हणून चंद्रावतीच मिठागरावर आली होती.

पेणहून टेम्पोनं पाऊण तासावर, खाडीकाठच्या गावात चंद्रावतीची शाळा होती. नववीच्या वर्गाला ती भूगोल आणि विज्ञान शिकवायची. तीन वर्षांपूर्वी तिनं बहिःस्थ एम.एड.ला नाव नोंदवलं, विशेष विषय पर्यावरण शिक्षण. रोह्याच्या अभ्यासकेंद्रात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तास होत. दोनदा मुदत वाढवून झाली होती. आता ३१ मार्च १९९८, मंगळवार, संध्याकाळी पाच, ही शेवटची वेळ. त्यानंतर नोंदणी रद्द.

नोंदणी रद्द झाली तर पुढं काय, तेही ठरलेलं होतं. शाळेची एक तुकडी जूनपासून बंद होणार होती आणि अतिरिक्त शिक्षकांच्या यादीत चंद्रावतीचं नाव पहिलं होतं. तिला पोलादपूरच्या वरच्या अंगाचं एक गाव दाखवण्यात आलं होतं, जिथं एसटी दिवसातून एकदा जायची. तिकडं रोह्यात नव्या अध्यापक विद्यालयात पर्यावरण शिक्षणाची जागा भरायची होती. अट एकच, एम.एड., निदान प्रबंध दिल्याची पावती. रोह्याच्या पुलापलीकडं अष्टमी गावात तिचे वडील दाजी अंथरुणाला खिळून होते. उजवं अंग गेलेलं, वाचा अर्धी गेलेली. त्यांना दिवसातून चार वेळा कूस बदलून द्यावी लागे. आतापर्यंत हे भाऊ निलेश करत होता, पण त्याला गुजरातेत नोकरी लागली होती आणि एक जूनला तो निघणार होता. अध्यापक विद्यालय घरापासून चालत दहा मिनिटांवर. पोलादपूरहून दाजींची कूस बदलता येणार नव्हती.

धोंडुबाई उघाडीपाशी उभी होती. उघाडी म्हणजे बांधातली लाकडी झडप. ती वर उचलली की खाडीचं पाणी मिठागरात शिरतं. आज ती पूर्ण वर होती आणि पाणी धो धो आत येत होतं.

"या बाई," धोंडुबाई म्हणाली. "चांगल्या दिशी आलाव. आज आवस, उधाणाचं पानी. एवडं पानी घेतलं का पंधरा दिस बगायला नको."

तिनं हात पदराला पुसले, शाईच्या डबीत अंगठा बुडवला आणि कागदावर टेकवला. मिठानं फुगलेल्या अंगठ्याच्या रेषा नीट उमटल्या नाहीत. दुसऱ्यांदा टेकवला. मग तिनं चंद्रावतीच्या हातातल्या गठ्ठ्याकडं पाहिलं.

"ह्ये काय काडलंय? करवत?"

चंद्रावती हसली. तो आलेख होता. तिच्या चौथ्या प्रकरणाचा कणा. नोव्हेंबरच्या दोन तारखेपासून मार्चच्या एक तारखेपर्यंत अठरा रविवार, बरोबर सकाळी दहा वाजता, तिच्या चौतीस मुलांनी याच उघाडीच्या बाहेर बादली सोडली होती. पाण्यात काचेची तरंगती नळी टाकून खारेपणा मोजला होता, गढूळपणा आणि वास लिहून ठेवला होता. नोव्हेंबरभर रेष जवळजवळ सपाट होती. महिनाअखेरीपासून मात्र करवतीसारखी. एका रविवारी पाणी खारट, पुढच्या रविवारी कमी खारट, गढूळ, घाण वासाचं. फेब्रुवारीअखेरपर्यंत तसंच. त्यावरून चंद्रावतीनं निष्कर्ष काढला होता की दिवाळीच्या सुट्टीनंतर वरच्या अंगाचे कारखाने दर पंधरवड्याला पाणी सोडतात. मार्गदर्शक कोतवाल सरांनी या प्रकरणावर लाल शाईत 'उत्तम' लिहिलं होतं.

हे तिनं धोंडुबाईला सोपं करून सांगितलं. धोंडुबाईनं करवतीच्या एका टोकावर बोट ठेवलं.

"हितं वर हाय तो रईवार कंचा?"

"चौदा डिसेंबर. दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशीचा."

"मंजे पुनवेचंच पानी. बाराच्या आगंमागं भरती. दाला वरच आसनार. आनि ह्यो खाली?"

"त्याच्या पुढचा रविवार."

"आठमीचा. आठमीला सा वाजता भरती, बाराला सुकती. दाला गालच दिसनार." दाला म्हणजे दहाला, सुकती म्हणजे ओहोटी, गाल म्हणजे गाळ, एवढी बोली चंद्रावतीला सहा वर्षांत कळायला लागली होती. "मंग परत वर, परत खाली. बराबर काडलाय गो पोरांनी."

चंद्रावतीनं आलेखावर हात ठेवून तो झाकला.

"धोंडुबाई, भाऊबीज रविवारी होती. त्या दिवशी दहा वाजता पाणी कसं असेल?"

"बीज मंजे दोन. दोनाची पाऊनपट दीड. दीडला भरती. दाला ना वर ना खाली, मदी."

"त्याच्या पुढचा रविवार?"

"नवमी. पावनेसातला भरून गेलेली. उतारतीला मदीच."

चंद्रावतीनं हात उचलला. दोन नोव्हेंबर, मध्ये. नऊ नोव्हेंबर, मध्ये. सपाट रेष.

"तुम्हाला हे कोणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्याच्यात? तिथीची पाऊनपट केली का भरतीचा टाइम. आमच्यात दूद पीतं पोर नाय सांगनार, बाकी समदी सांगतील. रईवार तुमचा साळंचा. पान्याला रईवार कुटला?"

आणि मग, बाईंचा चेहरा बघून, जरा समजुतीनं, "पोरांना इचारलं नाय का?"

चंद्रावतीला आठवलं. सात डिसेंबर. पाणी इतकं उतरलं होतं की बादली गाळावर आपटली. जनी म्हणाली होती, "बाई, सुकती हाय. सांच्याला येऊ का?" आणि ती म्हणाली होती, "दहा म्हणजे दहा. शास्त्रात वेळ बदलायची नसते." मुलांनी मान डोलावली होती. त्यानंतर कोणी विचारलं नाही. पुढं कधी तिला यायला पाच मिनिटं उशीर झाला तर मुलंच एकमेकांना सांगत, दहा म्हणजे दहा.

ती वाढली ते गाव रोह्याच्या आतल्या बाजूचं, भाताचं आणि वालाचं. तिथं पाणी पाटानं येई आणि पाटानं जाई. भरती-ओहोटी तिनं पुस्तकात शिकली होती आणि पुस्तकातूनच शिकवली होती, चंद्राच्या आकृतीसकट. पण वेळ स्थिर ठेवा, स्थळ स्थिर ठेवा, हे तिला कोतवाल सरांनी पहिल्याच तासाला शिकवलं होतं आणि तिनं ते अक्षरशः पाळलं होतं. एक रविवार चुकवला नव्हता. तापात गेली होती.

पेणला बाइंडर संध्याकाळपर्यंत थांबणार होता. जायचं ठरलेलं होतं म्हणून ती गेली. कोतवाल सरांच्या सहीचं प्रमाणपत्र पुढं, चौतीस संमत्या मागं, मध्ये ती करवत. तीन प्रती, काळं कापड, सोनेरी अक्षरं. बाइंडर म्हणाला, "घ्या बाई, आता पास झाल्यासारखंच."

पाडवा तिनं अष्टमीत काढला. निलेशनं गुढी उभारली. तिनं दाजींना कडुलिंबाचं पान भरवलं. ते त्यांनी थुंकलं आणि अर्ध्या तोंडानं हसले. स्वयंपाकघरात तारखेचं मोठं कॅलेंडर होतं. चंद्रावतीनं मागच्या वर्षाचं माळ्यावरून काढलं आणि दोन्ही जमिनीवर पसरली. प्रत्येक रविवारच्या लाल आकड्याखाली बारीक अक्षरांत तिथी छापलेली होती. पाच महिने ती या अक्षरांवरून नजर फिरवून सुट्ट्या मोजत होती. तिनं अठरा तिथ्या लिहून काढल्या, पाऊणपट केली, दहा वाजता पाणी कुठं असेल ते मांडलं. म्हातारी एकाही ठिकाणी चुकली नव्हती. कारखान्यांसाठी अठरा रविवारांत एकही रविवार उरला नाही.

हे तरी सहन झालं असतं. चौथं प्रकरण गेलं तरी प्रबंधाचा विषय खाडी नव्हता. विषय होता मुलांची पर्यावरणविषयक जाणीव. निरीक्षणापूर्वी एक चाचणी, निरीक्षणानंतर तीच चाचणी, चाळीस प्रश्न. सरासरी एकोणिसावरून चोविसावर गेली होती. तेवढं उरेल, असं स्वतःला सांगत तिनं रविवारी ऑक्टोबरच्या उत्तरपत्रिका पिशवीतून काढल्या.

प्रश्न सतरावा. आपल्या खाडीच्या पाण्याचा खारेपणा कशामुळं बदलतो?

जनीनं ऑक्टोबरात लिहिलं होतं, भरती-ओहोटीमुळे. वर लाल फुली, शून्य. चंद्रावतीनं उत्तरसूची आधीच तयार केली होती. पर्यावरण शिक्षणाच्या पुस्तकांत पाणी बदलायचं ते प्रदूषणानं, म्हणून उत्तर 'कारखान्यांचे सांडपाणी'. तिनं दुसरी पत्रिका उचलली. भरती-ओहोटी, शून्य. तिसरी. चौतिसांपैकी एकतीस जणांनी तेच लिहिलं होतं आणि एकतीस जणांना तिनं शून्य दिलं होतं. मार्चच्या पत्रिकांत चौतीसच्या चौतीस जणांनी 'कारखाने' लिहिलं होतं आणि गुण मिळवला होता. खाडीवर असे सहा प्रश्न होते. ते वगळून तिनं सरासरी पुन्हा काढली. पाच गुणांच्या वाढीतला अर्धा गुण उरला.

म्हणजे तिनं मोजलेली वाढ ही मुलं शिकल्याची नव्हती. त्यांना माहीत होतं ते पाच महिन्यांत त्यांच्याकडून काढून घेतल्याची होती.

दाजींची कूस बदलायची वेळ टळून गेली होती. ते तोंडानं आवाज करत होते. ती उठली, त्यांना कुशीवर वळवलं, पाठीला पावडर लावली. कमरेपाशी कातडी लाल झाली होती.

"तायडे, झालं का तुझं पुस्तक?" निलेशनं दारातून विचारलं.

"झालं."

"मग तोंड का असं? जून आला की मी सुटलो आणि तू अडकलीस, म्हणून?"

तो चेष्टेनं म्हणाला होता. तिनं दाजींची चादर सारखी केली, तेव्हा तो म्हणाला, "ताई, माझं तिकीट काढून झालंय गं." ते चेष्टेनं नव्हतं.

सोमवारी ती कोतवाल सरांकडं गेली. सर केंद्राच्या खोलीत एकटेच होते. तिनं कॅलेंडरं टेबलावर पसरली, तिथ्या दाखवल्या, सहा प्रश्न दाखवले. सरांनी चष्मा लावून सगळं पाहिलं. माणूस आळशी नव्हता. त्यांनी दोन तिथ्यांची पाऊणपट स्वतः करून बघितली.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "माझ्याही लक्षात यायला हवं होतं. मी देशावरचा."

"मग सर, चौथं प्रकरण बदलते. हातानं लिहून आणलंय. निष्कर्षही."

"कधी टाइप करणार?"

"उद्या पाचपर्यंत."

"निष्कर्ष बदलला की गृहीतक पडतं. गृहीतक पडलं की चाचणी पडते. मी सही केलीय ती या प्रबंधावर, बाई. दुसऱ्यावर करायची तर मला तो वाचावा लागेल, समितीपुढं ठेवावा लागेल. जुलै येईल."

"जुलैपर्यंत नोंदणी राहील?"

"नाही."

खिडकीबाहेर कोणीतरी सायकलची साखळी चढवत होतं. सरांनी कॅलेंडरं गुंडाळून तिच्याकडं सरकवली.

"मुंबईतल्या परीक्षकाला तिथी माहीत नसते," ते म्हणाले. "असंच चालतं असं मी म्हणत नाही. एवढंच सांगतो की काळी प्रत तुमच्या पिशवीत आहे आणि तिच्यावर माझी सही आहे. उद्या मी पाचपर्यंत इथंच आहे."

मंगळवारी दुपारी चारला ती पुलावरून निघाली. कुंडलिकेचं पाणी वर होतं. चतुर्थी, तिनं मनात म्हटलं, चाराची पाऊणपट तीन. आता तिला तसं म्हटल्याशिवाय पाणी बघता येत नव्हतं. पिशवीत तीन प्रती होत्या. प्रत्येक प्रतीत आलेखासमोरच्या कोऱ्या पानावर तिनं रात्री एक कागद चिकटवला होता. 'दुरुस्ती. या आलेखातील चढउतार भरती-ओहोटीचे आहेत. कारखान्यांविषयीचा निष्कर्ष चुकीचा आहे. विद्यार्थ्यांना हे आधीपासून माहीत होते.' खाली सही. तिला वाटलं होतं, असं केलं तर प्रतही वेळेत पोचेल आणि खरंही पोचेल.

अभ्यासकेंद्राच्या खिडकीवर विठू कारकून होता. त्यानं प्रती घेतल्या, पानं मोजायला सुरुवात केली. पहिल्याच प्रतीत अडला.

"बाई, हे काय? हातानं लिहिलेलं चालत नाही. नियम आहे."

"दुरुस्ती आहे."

"दुरुस्ती असली तर मार्गदर्शकाची सही पाहिजे. सरांना विचारतो."

तो आत गेला. सर बाहेर आले नाहीत. विठू परत आला तेव्हा त्याच्या हातात दाढीचं अर्धं पातं होतं. त्यानं ते खिडकीच्या फळीवर ठेवलं.

"सर म्हणाले, बाईंनी ठरवावं. कागद कापून प्रत द्या, नाहीतर प्रत घेऊन जा. मला पाचला खिडकी बंद करायचीय."

चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. तिच्या मागं कोणी नव्हतं. ती बाकावर बसली, प्रती मांडीवर घेऊन. उठून जावं, पूल ओलांडावा, निलेशला सांगावं की तिकीट रद्द कर. तो करणारही नाही आणि तिनं सांगूही नये. दाजींना घेऊन पोलादपूरला जावं, शाळा सुटेपर्यंत ते एकाच कुशीवर पडून राहतील, कमरेची लाली जखम होईल. हे सगळं तिला स्पष्ट दिसत होतं, खिडकीत बसलेल्या विठूइतकं स्पष्ट. तिनं दुसरा रस्ता शोधून पाहिला. मुदतीसाठी अर्ज, समितीला पत्र, परीक्षकाला वेगळं पत्र. प्रत्येक रस्ता जुलैत जाऊन पोचत होता.

पाचाला पाच मिनिटं कमी असताना तिनं पातं घेतलं. पहिला कागद सरळ निघाला. दुसरा काढताना पातं सरकून समोरच्या आलेखाचा कोपरा थोडा फाटला. तिसरा तिनं नखानं सोडवला.

विठूनं पानं मोजली, शिक्का मारला, पावती फाडली. "अभिनंदन बाई," तो म्हणाला. त्याला सगळ्यांनाच तसं म्हणायची सवय होती.

बुधवारी सकाळी ती वर्गात गेली तेव्हा मुलांना कळलेलं होतं की बाईंचं पुस्तक वेळेत पोचलं. कोणीतरी फळ्यावर फुलं काढली होती. जनी पहिल्या बाकावर बसली होती. तेलानं चापून बसवलेले केस, मिठानं पांढरी पडलेली बोटं. चंद्रावतीनं ऑक्टोबरच्या उत्तरपत्रिका वाटल्या.

"सतरावा प्रश्न काढा," ती म्हणाली. "आज तिथी कोणती?"

मुलं बावरली. मग मागून एक आवाज आला, "पंचमी."

"भरती?"

"पावनेचार," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला. कोणीही बोटं मोजली नाहीत.

"खाडीचा खारेपणा कशानं बदलतो?"

चौतीस चेहरे तिच्याकडं बघत होते, कुठलं उत्तर हवंय ते तिच्या तोंडावरून वाचायचा प्रयत्न करत. हे वाचायला तिनंच शिकवलं होतं.

"कारखाने," जनी हळूच म्हणाली.

"नाही. तू ऑक्टोबरात लिहिलं होतंस ते बरोबर होतं. तुम्ही एकतीस जणांनी लिहिलं होतं ते. मी चूक दिलं. चूक माझी होती."

तिनं लाल पेन काढलं आणि जनीच्या पत्रिकेवरचं शून्य खोडून एक केला. मग पुढच्या बाकावर गेली. एकतीस पत्रिकांना पंधरा मिनिटं लागली.

"मंग बाई," ती परत टेबलाशी आली तेव्हा जनीनं विचारलं, "तुमच्या पुस्तकात काय लिवलंय?"

पावती तिच्या पर्समध्ये होती. ती खोटं बोलू शकली असती. एक दिवस आधी बोललीच होती, शिक्क्यासकट.

"कारखाने," चंद्रावती म्हणाली.

जनीनं थोडा विचार केला. मुलगी हुशार होती. नववीनंतर तिला मिठागरावर घेणार, असं धोंडुबाईनं ठरवलेलं होतं.

"मंग वार्शिक परीक्षेत काय लिवू?"

"भरती-ओहोटी. पेपर मीच तपासणार आहे."

"आनि धाव्वीला? दुसरी बाई आली तर?"

पुढच्या वर्षी दुसरी बाई येणारच होती; काल चंद्रावतीनं फक्त आपण कुठं जायचं त्याची पावती घेतली होती. ती बाई कुठली असेल, तिला तिथी माहीत असेल की नाही, तिच्या हातात कुठलं पुस्तक असेल, यातलं काहीच तिला सांगता येत नव्हतं. खडू तिच्या हातात होता.

जनीनं मान खाली घातली, पट्टी काढली आणि पत्रिकेवरच्या आपल्या उत्तराखाली रेघ मारली. मग त्याच्याशेजारी बारीक अक्षरांत, विसरू नये म्हणून, दुसरं उत्तरही लिहून ठेवलं.